पावतीवरची सिगारेट

सनद मिळाल्यावर काळा कोट घालून मी ज्या पहिल्या खटल्यात उभी राहिले, त्यातली आरोपी माझी सख्खी आत्या होती. आरोप होता सरकारी कार्यालयात धूम्रपान केल्याचा. घरात मी वकील झाल्याचे पेढे वाटून दोन महिनेही झाले नव्हते. अण्णा म्हणजे माझे वडील. ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पहिली केस खुनाची असती तरी त्यांनी चारचौघांत सांगितली असती.

आत्या अण्णांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तेव्हा सत्तरीच्या पुढे असेल. नक्की वय तिलाही माहीत नाही आणि आधार कार्डावर आहे ते शाळामास्तरांनी अंदाजाने टाकलेलं. आयुष्य शेरडा-मेंढरांमागं गेलेलं. उंच, काटक, आवाज असा की डोंगराच्या या अंगाला हाक मारली तर त्या अंगाची मेंढरं वळावीत. आणि ती विडी ओढायची. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी बोलायचं नाही. लग्नकार्यात ती जेवणानंतर परसात दिसेनाशी झाली की माझी आई पाहुण्यांना म्हणायची, "वन्सं जरा पडल्यात." वन्सं मागं भिंतीला टेकून मजेत धूर काढत असायच्या.

खटल्याच्या आदल्या वर्षी मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेले. साडेतीन एकर जमीन होती, तिच्या सातबाऱ्यावर आत्याचं नाव लावायचं होतं. वारस नोंद म्हणजे खरं तर साधं काम. पण कधी मृत्यूचा दाखला अपुरा, कधी तलाठी रजेवर, कधी साहेब मीटिंगला. मुलगा-सून रानात कामाला, म्हणून आत्या एकटीच पिशवीत भाकरी बांधून एस.टी.नं तहसीलला यायची, दिवसभर बसायची आणि संध्याकाळी परत जायची.

त्याच सुमाराला आमच्या तालुक्याला नवीन तहसीलदार आल्या. तरुण बाई, कडक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं: कार्यालय तंबाखूमुक्त. आवारात कुणी विडी-सिगारेट ओढायची नाही, कुणी थुंकायचं नाही. दंडाचं पावतीपुस्तक त्यांनी नाझरच्या हवाली केलं. नाझर म्हणजे कार्यालयातल्या खुर्च्या, कपाटं, कागद, पंखे सगळ्याचा हिशेब ठेवणारा कारकून. गरीब स्वभावाचा माणूस. विडी-सिगारेटीला त्याने जन्मात हात लावला नव्हता. तो फक्त तंबाखू खायचा. सकाळी साडेनऊला चुना लावून मळलेली जी गोळी गालात जायची ती दुपारच्या डब्यापर्यंत तिथंच असायची.

आता गंमत अशी झाली की थुंकायलाही बंदी. त्यामुळे नाझरसाहेब तोंड भरलं की भरल्या तोंडानंच बसून राहायचे. लोक कागद घेऊन आले की भुवयांनी उत्तर द्यायचे.

त्या दिवशी आत्याची सातवी खेप होती. ती तहसीलच्या पुढच्या ओसरीत खांबाला टेकून बसली होती. बारा वाजले, एक वाजला. तिने कमरेची चंची सोडली, विडी काढली आणि शिलगावली. दोन झुरके झाले असतील तेवढ्यात नाझर बाहेर आला. तोंड गच्च भरलेलं. बोलता येईना. त्याने तिच्यापुढं उभं राहून दोन बोटं ओठांजवळ नेली, मग हात जोरजोरात हलवला. म्हणजे, विडी बंद करा.

आत्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला दया आली.

"घ्या की," ती म्हणाली, "मागायला लाजता कावून?"

आणि चंचीतली एक कोरी विडी काढून तिने त्याच्या हातावर ठेवली.

बसलेली सगळी माणसं हसली. नाझरचा चेहरा लाल झाला. तो तडक मोरीकडे पळाला, तोंड मोकळं करून आला आणि मग जे बोलू लागला ते थांबेना. कायदा आहे, गुन्हा आहे, वर लाच देता काय! आत्या म्हणाली, "एका विडीची कसली लाच रं बाबा? न्हाई पायजे तर दे माघारी." पण त्याने विडी दिली नाही. पुरावा म्हणून ठेवून घेतली. तिच्या हातातली अर्धी जळालेली विडीही विझवून घेतली. दोन्ही एका सरकारी पाकिटात घातल्या, त्यावर लाख लावली आणि मग पावती फाडली. दोनशे रुपये.

आत्याला वाचता येत नाही. शेजारी बसलेल्या एका माणसानं तिला पावती वाचून दाखवली: "सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढताना मिळून आल्याबद्दल..."

इथं सगळं बिघडलं. दोनशे रुपये ती देणार होती. पदराची गाठ तिने सोडलीही होती. पण तो शब्द ऐकला आणि ती उठून उभी राहिली.

"काय म्हनलं? सिगरेट?"

"छापील आहे ते," नाझर म्हणाला.

"छापील आसंल न्हाईतर लेखी. म्या सिगरेट वढले? ह्या तोंडानं? आरं, माझ्या सात पिढ्यांत कुन्या बाईनं सिगरेट वढली न्हाई! हे खोड. इडी लिव्ह. मग देते पैशे."

"खाडाखोड चालत नाही, आजी."

"मग खोटं चालतं का?"

आत्याने पावतीची घडी घातली, ती चंचीत ठेवली, गाठ परत मारली आणि पैसे न देता एस.टी. स्टँडकडं चालू लागली. पावती गेली, पैसे आले नाहीत. असा प्रकार त्या पुस्तकात आधी कधी झाला नव्हता. नाझरने दोन दिवस विचार केला, तहसीलदारबाईंना सांगितलं. बाईंनी कायदा पाहिला आणि म्हणाल्या, दंड भरत नसतील तर कोर्टात तक्रार दाखल करा.

समन्स आलं ते घेऊन आत्या आमच्या घरी आली. मी चहा ठेवला. अण्णा समन्स वाचत होते आणि त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

"आक्का," ते म्हणाले, "दोनशे रुपये मी भरतो. गप घरी जा."

"तू कावून भरतूस? तू वढली का?"

"अगं गावात काय म्हणतील? बाईमाणूस विडी ओढती आन वर कोर्टात भांडती!"

"इडी वढती ते गावाला ठावं हाय," आत्या म्हणाली. "सिगरेट वढती आसं कोर्टात लिव्हलंय. ते खोडून पायजे. उद्या तुझ्या लेकीचं लगीन जमवायचं. पोराकडचे म्हनतील, हिची आत्या सिगरेटी वढती."

अण्णांनी समन्सची घडी घातली. ते माझ्याकडं बघू लागले. मी चहात साखर घालत होते. खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू पटत होत्या आणि दोन्हींची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी अण्णा गुपचूप तहसीलला जाऊन आले. पण तक्रार कोर्टात गेली होती, आता पैसे घेता येत नाहीत असं त्यांना सांगण्यात आलं. तिथून ते तसेच देवळात गेले, आणि तिकडून खूप उशिरा परतले.

मी ज्यांच्याकडं काम शिकत होते त्या सीनियर वकिलांना समन्स दाखवलं. ते बार रूमच्या मागं सिगारेट ओढत उभे होते. बार रूममध्ये ओढायला बंदी होती म्हणून मागं; पण खिडकी उघडी असल्यामुळं धूर सगळा आतच जात होता. त्यांनी कागद वाचला, एकदा, दोनदा, आणि त्यांना ठसका लागला.

"ही तूच चालव," ते म्हणाले. "माझ्याच्यानं हसू आवरायचं नाही."

"पण सर, मुद्दा काय घ्यायचा?"

त्यांनी झुरका घेतला. वकिली ही त्यांची भूक होती. फालतू खटल्यातही त्यांना मुद्दा दिसायचा. "कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे काय ते वाच. मोकळी जागा त्यातून वगळलेली आहे. तुझी आत्या कुठं बसली होती? ओसरीत. ओसरीला भिंती किती? एक. तीन बाजू उघड्या. मोकळी जागा झाली की नाही? दुसरं, दारावर पाटी पाहिजे. पाटी होती का बघून ये."

मी तो कायदा तीन रात्री वाचला. नियमांत पाटीचं माप होतं, रंग होता, तिच्यावरचं चित्र कसं असावं तेही होतं. सकाळी तहसीलला गेले. दारावर पाटी होती, पण तिच्यावर पीकविम्याच्या मुदतीची सूचना चिकटवलेली. सूचनेच्या खालून लाल गोलाची एक कड आणि सिगारेटचं टोक तेवढं बाहेर आलेलं. मी मोबाइलवर फोटो काढला. मला वाटलं, मी खटला जिंकले.

पहिल्या तारखेला आत्या हिरवं लुगडं नेसून, कपाळाला बुक्का लावून आली. मी तिला दहा वेळा बजावलं होतं की साहेब विचारतील गुन्हा कबूल आहे का, तर फक्त 'नाही' म्हणायचं. न्यायाधीश साहेब तरुण होते, कोकणातले, आमच्याकडं नुकतेच बदलून आलेले. पुकारा झाला. आत्या पिंजऱ्यात उभी राहिली.

"तुम्ही अमुक दिवशी तहसील कार्यालयात धूम्रपान केलं असा तुमच्यावर आरोप आहे. गुन्हा कबूल आहे का?"

"कावून?" आत्या म्हणाली.

साहेबांनी चष्मा वर केला. "काय म्हणाल्या?"

"कावून म्हनते मी."

साहेब माझ्याकडं वळले. "वकीलबाई, कावून म्हणजे कबूल का?"

"नाही सर. कावून म्हणजे का. कशासाठी."

"म्हणजे आरोपी कोर्टालाच प्रश्न विचारते आहे?"

"तिचं म्हणणं नाकबूल असं आहे सर."

"हाव," आत्या मधेच म्हणाली. "नाकबूल. इडी कबूल, सिगरेट नाकबूल."

साहेबांनी लेखणी थांबवली, मग सावकाश लिहून घेतलं. मी आत्याकडं डोळे वटारले, तर ती मला धीर द्यायला हसली.

दुसऱ्या तारखेला नाझर आलाच नाही. तो कपिलधारच्या यात्रेला गेला असल्याचा अर्ज आला. साक्षीदार देवाला गेला म्हटल्यावर आत्या खूश झाली. म्हणाली, देवापुढं तरी खरं बोलंल. तिसऱ्या तारखेला मात्र सगळे हजर होते. ही बातमी तोवर बाजारपेठेत गेली होती. एरवी आमच्या कोर्टात मागच्या बाकांवर डुलक्या काढणारी चार माणसं असतात. त्या दिवशी दारात उभं राहायला जागा नव्हती. अण्णा आले नव्हते. निदान मला तसं वाटलं होतं. नंतर कळलं, ते खिडकीबाहेर उभे होते, तोंडाला रुमाल बांधून.

नाझरने पाठ केल्यासारखी साक्ष दिली. मग मी उलटतपासणीला उठले.

"दारावरच्या पाटीवर त्या दिवशी काय लिहिलं होतं?"

"धूम्रपान निषिद्ध क्षेत्र."

मी फोटो पुढं केला. "यात तर पीकविम्याची शेवटची तारीख दिसते."

हशा पिकला. नाझर म्हणाला, "ती सूचना महत्त्वाची होती. दुसरी जागा नव्हती." साहेबांनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला. मला हुरूप आला. मी पुढचा, मुख्य प्रश्न टाकला.

"आरोपी जिथं बसली होती ती ओसरी तीन बाजूंनी उघडी आहे, हे खरं आहे का?"

"खरं आहे."

"म्हणजे ती मोकळी जागा आहे."

नाझर गोंधळला. त्याने सरकारी वकिलांकडं पाहिलं. सरकारी वकील उठायला लागले. पण त्यांच्या आधी आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

"मोकळी कशी गं? वर पत्रा हाय की! म्हनून तर तितं बसले. उन्हात कोन बसंल?"

मी डोळे मिटले. माझे सीनियर शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी फाइल तोंडासमोर धरली आणि ती फाइल हलताना मला दिसत होती. साहेबांनी लिहून घेतलं: ओसरीवर पत्र्याचं छप्पर आहे. तीन रात्रींचा अभ्यास आत्याने एका वाक्यात बुडवला.

मग मुद्देमाल आला. तहसीलच्या शिपायाने पाकीट आणून टेबलावर ठेवलं. त्यावर नाझरच्या हातचं लिहिलेलं होतं: एक अर्धवट जळालेली व एक कोरी विडी. माझ्या लक्षात आलं की मोहोर ठीक दिसत नाही; लाख एका बाजूनं उचकटून परत चिकटवल्यासारखी वाटत होती. मी म्हटलं, पाकीट कोर्टासमोर उघडावं.

कोर्टाच्या कारकुनाने कात्रीने पाकीट कापलं आणि टेबलावर उलटं केलं. दोन थोटकं बाहेर पडली.

साहेबांनी पाकिटावरचं वाचलं, थोटकांकडं पाहिलं, परत वाचलं.

"कोरी विडी कुठं आहे?"

नाझर साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा धरून वाकला. त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं होतं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. "साहेब, मी ठेवली होती. माझ्या हातानं."

"पाकीट कुठं होतं?"

"कपाटात. कुलपात."

"किल्ली कोणाकडं असते?"

"माझ्याकडं." मग खाली मान घालून, "म्हणजे खिळ्याला अडकवलेली असते. सगळ्यांना माहीत आहे."

"मग ही विडी ओढली कोणी?"

नाझरने हळूच मागं पाहिलं. पाकीट आणणारा शिपाई छताकडं बघत होता. छतावर पंखा होता, तो बंद होता, तरी तो अगदी मन लावून त्याच्याकडं बघत होता. त्याच्या शेजारचा दुसरा कर्मचारी एकाएकी बुटाची लेस बांधायला वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

"म्हणजे तंबाखूमुक्त कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटातला पुरावा," साहेब सावकाश म्हणाले, "कार्यालयातच ओढला गेला."

आता मात्र कोर्ट फुटलं. साहेबांनी टेबल वाजवलं, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. आत्या एकटीच हसत नव्हती. तिला वाईट वाटलं होतं. ती नाझरला म्हणाली, "मागितली आस्ती तर दुसरी दिली आस्ती की. चोरून कावून वढायची?"

शेवटी साहेबांनी आत्याला विचारलं, काही सांगायचं आहे का. मी देवाचं नाव घेतलं.

"किती वर्षांपासून ओढता?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न कायद्यात बसत नव्हता. त्यांना सहजच जाणून घ्यायचं होतं असं मला वाटतं.

"लगीन होऊन आले तवापासून," आत्या म्हणाली. "ते मेंढरं घिऊन माळावर बसायचे. इडी प्यायची म्हनलं की मला घराकडं धाडायचे, चुलीतून पेटवून आन म्हनून. काडेपेटी मिळायची न्हाई तवा. चुलीपसनं माळापतुर इडी इजू न्हाई म्हनून म्या वाटंनं एक-एक झुरका घ्यायचे. माळ लांब होता, साहेब. मी पोचायचे तवर निम्मी माझीच झालेली असायची. ते काय बोलले न्हाईत कदी. मग एक दिवस त्यांनी दोन दिल्या. म्हनले, एक तुझी."

कुणी हसलं नाही.

"त्या दिवशी तहसीलला त्यांच्याच कागदासाठी गेलते. नाव लावायचं हाय माझं. सातवी खेप होती. एकटीनं बसून बसून कटाळा आला, म्हनून वढली. चूक झाली आसंल तर दंड द्या. पन त्या पावतीत सिगरेट लिव्हलंय ते खोडा."

साहेबांनी नाझरकडं पाहिलं. "वारस नोंदीचा अर्ज सात खेपा प्रलंबित आहे?"

"ते टेबल माझं नाही साहेब," नाझर म्हणाला.

"तो या खटल्याचाही विषय नाही," साहेब म्हणाले. पण लिहून मात्र घेतलं.

निकाल दुपारनंतर लागला. मी हरले. ओसरीला छप्पर आहे, ती सरकारी कार्यालयाचा भाग आहे, तिथं धूर काढायला मनाई आहे; पाटी झाकलेली असली तरी मनाई उठत नाही. आरोपी दोषी. वय आणि कबुली पाहून दंड पन्नास रुपये. मात्र तीन गोष्टी साहेबांनी पुढं लिहिल्या. एक, पाटी नियमात सांगितलेल्या मापाची, उघडी आणि दिसेल अशी लावावी. दोन, मुद्देमालाचं काय झालं याचा खुलासा कार्यालयाने द्यावा. आणि तीन: आरोपीने सिगारेट ओढल्याचं कुठंही सिद्ध झालेलं नाही, तिने विडी ओढली, आणि अभिलेखात तशी नोंद घ्यावी.

मी कोर्टातून बाहेर आले ते मान खाली घालून. पहिलाच खटला, तोही हरलेला, तोही असला. आत्या मात्र पायरीवर उभी राहून लोकांना सांगत होती, "जितलो आमी!" तिने पन्नास रुपये रोख भरले, नवी पावती घेतली आणि माझ्यापुढं धरली.

"वाच."

मी वाचलं. हातानं लिहिलेलं होतं: विडी.

"परत वाच."

मी परत वाचलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कानशिलावर बोटं मोडली, अगदी कोर्टाच्या आवारात, सीनियरांच्या देखत. तेवढ्यात रुमाल बांधलेला एक माणूस गर्दीतून पुढं आला आणि म्हणाला, "आक्का, चल, चहा पिऊ." रुमाल त्याने चहा येईपर्यंत काढलाच नाही.

तहसीलदारबाईंनी तिसऱ्या दिवशी आत्याला निरोप पाठवून बोलावलं. कोर्टाच्या कागदात सात खेपांचा उल्लेख वाचून त्यांनी तो अर्ज स्वतः शोधून काढला होता. तो भलत्याच गावाच्या गठ्ठ्यात बांधलेला निघाला. बाईंनी आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माफी मागितली. आत्या मला नंतर म्हणाली, "पोरगी चांगली हाय. लई काम आसतं तिला. डोळ्याखाली काळं आलंय बघ." महिनाभरात फेरफार होऊन जमिनीला तिचं नाव लागलं. सातबारा हातात आला तेव्हा आत्याने मला फोन केला आणि काही बोललीच नाही. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

विडी कुणी ओढली त्याचा खुलासा कोर्टात आला तो मी पाहिलाय. त्यात लिहिलं होतं की उंदरांचा उपद्रव आहे.

आत्याची विडी काही सुटली नाही. पुढच्या हिवाळ्यात खोकला बळावला तेव्हा मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं की आजी, आता विडी बंद करावी लागेल. ती म्हणाली, लेकरा, तू सांगितलंस म्हणून चारवरून दोनवर येते. डॉक्टर म्हणाले, शून्यावर या. ती म्हणाली, शून्याची तारीख पुढची घे. सध्या ती दोनवर आहे, असं ती सांगते. तिची सून तीन म्हणते.

अण्णांचं म्हणाल तर एका लग्नात मी त्यांना अनोळखी पाहुण्यांसमोर हा सगळा किस्सा रंगवून सांगताना ऐकलं. त्यांच्या सांगण्यात मी खटला जिंकले होते आणि साहेबांनी माझ्या युक्तिवादावर उभं राहून मान डोलावली होती. मी खांबाआड उभी होते. पुढं जाऊन सांगावं असं वाटलं, पण त्यांना माझ्याबद्दल इतक्या अभिमानानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तशीच मागं फिरले आणि पंगतीत जाऊन बसले.

सीनियरांकडून बाहेर पडून मी स्वतःचं टेबल टाकलं तेव्हा पहिले दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. मी टायपिस्टच्या शेजारी बसून दिवसभर रस्त्याकडं बघायची. तिसऱ्या सोमवारी युसूफ वडगावहून एक बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत कागदांची सुरळी. दिराने बांध कोरला होता. दोन-तीन काळ्या कोटांना न्याहाळून त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"इडीवाल्या वकीलबाई तुमीच का?"

शेजारचा टायपिस्ट टाइप करायचा थांबला.

"हो, मीच," मी म्हटलं. "बसा. कागद दाखवा."